मुलं टॅबवर स्वतः शिकत असताना शिक्षकांनी त्या तासात नेमकं काय करायचं?

खडूफळा (धागाकर्ता)
चर्चेसाठी एक ठरावीक परिस्थिती समोर ठेवतो. जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा, सातवीचा वर्ग, पट ३२, चालू स्थितीतले ८ टॅब, इंटरनेट येऊन-जाऊन. गणित-विज्ञानाला आठवड्यातून दोन जोडतास, म्हणजे सलग ७० मिनिटं. मुलं चार-चारच्या गटांत बसतात, प्रश्न घेतात, शोधतात, सोडवतात.

'शिक्षक हा सुलभक', म्हणजे शिकणं सोपं करणारा मदतनीस, हे वाक्य २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमापासून प्रशिक्षणांत सतत ऐकू येतं. पण या ७० मिनिटांत सुलभकानं उठून कुठे जायचं, काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. टाचणातल्या (पाठाच्या लेखी आराखड्यातल्या) 'शिक्षककृती' या रकान्यात 'मार्गदर्शन करतील' एवढंच असतं. मग दोन टोकं दिसतात. एकीकडे टॅब मुलांच्या हातात देऊन शिक्षक ऑनलाइन माहिती भरायला बसतात. दुसरीकडे शिक्षक चाळीस मिनिटं फळ्यावर बोलतात आणि नंतर तोच भाग टॅबवर व्हिडिओतून पुन्हा दाखवतात.

माझं मत असं की सांगण्याचं काम घटलं तरी प्रश्न बेतण्याचं आणि चुका वाचण्याचं काम त्याहून जास्त वाढतं. हे काम दिसत नाही, म्हणून ते कुणी शिकवतही नाही. जाणकारांनी तपशिलात लिहावं. कृती हव्या आहेत.

गोदाकाठ
फार गरजेचा धागा. वाखू (वाचनखूण) साठवली आहे. वाचतोय.

पाटीपेन्सिल
कृतीच हव्या असतील तर सुरुवात आदल्या दिवशी करावी लागते, प्रश्नापासून.

कच्चा प्रश्न ओळखायची खूण सोपी आहे. तो शोधपट्टीत जसाच्या तसा टाकला की पहिल्याच पानावर उत्तर मिळतं. 'भूजल म्हणजे काय?' हा तसा प्रश्न. मुलं दोन ओळी उतरवून घेतात आणि उरलेला वेळ टॅबवर भलतंच चालतं. त्याऐवजी असं विचारा: 'आपल्या शिवारात वर्षभर पडणारा पाऊस टँकरमध्ये भरायचा तर किती टँकर लागतील? आणि एवढं पाणी पडूनही उन्हाळ्यात टँकर का मागवावा लागतो?' इथे शोधावं लागतं, मोजावं लागतं आणि शेवटी वाद घालावा लागतो.

मग हा प्रश्न शिक्षकानं स्वतः कागदावर सोडवायचा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पाऊस ५०० मिमी धरला तर हेक्टरी ५० लाख लिटर. शिवार ८०० हेक्टरचं असेल तर ४०० कोटी लिटर. टँकर १०,००० लिटरचा धरला तर ४ लाख टँकर. हे करतानाच मुलं कुठे अडकणार ते कळतं: मिमीचं मीटर करताना, हेक्टरचं चौरस मीटर करताना आणि शून्यं मोजताना. या तिन्ही जागांसाठी एकेक छोटा प्रश्न लिहून खिशात ठेवायचा. पहिल्या जागेसाठी: 'खडूनं १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा. त्यात १ मिमी उंचीचं पाणी उभं करायचं तर बाटल्या किती लागतील?' हिशेब १०० × १०० × ०.१ = १००० घन सेमी, म्हणजे १ लिटर. गट हे स्वतः काढतो आणि पुढे सरकतो.

७० मिनिटांची वाटणी साधारण अशी: प्रश्न मांडायला ५, गटकामाला ३५, गटांच्या मांडणीला १५, शिक्षकाच्या बोलण्याला शेवटची १५. ही शेवटची १५ मिनिटं बहुतेक ठिकाणी घंटेत वाहून जातात आणि खरं नुकसान तिथे होतं. गटकाम लांबलं तर मांडणी दोनच गटांची घ्या, पण शेवटची १५ मिनिटं सोडू नका. उत्तरं एकमेकांशी ताडून बघणं, चुकीची समजूत सगळ्यांसमोर उलगडणं, योग्य संज्ञा देणं हे तेव्हाच होतं.

गटकामाच्या पहिल्या ८-१० मिनिटांत कुणालाही मदत करू नये. फिरायचं, ऐकायचं आणि कुठल्या गटानं काय गृहीत धरलंय ते वहीत टिपायचं.

शून्यलब्धी
पाटीपेन्सिल यांचा प्रश्न उत्तम आहे, पण मूळ कल्पनेला माझा आक्षेप आहे. नवख्या विद्यार्थ्याला कमी मार्गदर्शनात सोडलं की तो शिकत नाही, असं किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ च्या लेखात सविस्तर मांडलं आहे. कारण साधं आहे. कार्यकारी स्मृतीत, म्हणजे काम करताना डोक्यात धरून ठेवायच्या जागेत, एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. ज्याला हेक्टर माहीत नाही, दशलक्षाची शून्यं पक्की नाहीत आणि टॅबवर मराठी टंकता येत नाही, त्याची सगळी ताकद या तीन गोष्टींतच संपते. भूजलापर्यंत तो पोहोचतच नाही.

आणि नुसती यंत्रं वाटून काय होतं त्याचं उदाहरण पेरूचं आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' योजनेत तिथे लाखो लॅपटॉप गेले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. गणित आणि भाषेत फरक आढळला नाही.

रानपाखरू
@शून्यलब्धी, पेरूत शिक्षकाची भूमिका फारशी आखलेलीच नव्हती. ते उदाहरण यंत्र वाटपाचं आहे, मुलांनी स्वतः दिशा ठरवून शिकण्याचं नाही.

मुलं आपापली शिकतात का ते बघायला शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, ते बहुतेकांना माहीत आहे. २०१३ चं १० लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळाल्यावर ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यांतली एक आपल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत होती. त्यांच्या पद्धतीतले नियम नीट बघा. चार मुलांमागे एकच संगणक असतो, गट बदलायची मुभा असते, दुसऱ्या गटाचं काम बघून यायची परवानगी असते आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडणी असते. चौघांत एक पडदा ही सोय काटकसरीसाठी नाही. बोलल्याशिवाय काम पुढे जाऊ नये म्हणून ती आहे. ज्याला वाचता येतं तो मोठ्यानं वाचतो आणि ज्याला हिशेब येतो तो वही धरतो. कार्यकारी स्मृतीचा भार चौघांत वाटला जातो.

शून्यलब्धी
वाटला जातो किंवा एकाच्याच डोक्यावर बसतो आणि बाकीचे तिघं बघत राहतात. कालकाजीसारख्या ठिकाणांना भेट देणाऱ्या अभ्यासकांनीही नोंदवलं आहे की थोराड मुलगे पुढे राहत, मुली मागे राहत आणि बराच वेळ खेळांत जाई.

मित्रा यांचाच कालिकुप्पमचा प्रयोग घ्या. तमिळ बोलणारी मुलं, इंग्रजीतलं जैवतंत्रज्ञान, शिक्षक नाही. मुलं स्वतःच्या बळावर ३० टक्क्यांच्या आसपास गुणांपर्यंत आली. मग विषय न जाणणारी, पण मुलांच्या मागे उभी राहून 'हे काय केलंस? पुन्हा दाखव बरं' असं विचारणारी एक तरुणी आणली. गुण ५० च्या आसपास गेले. लोक पहिला आकडा सांगतात. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो.

रानपाखरू
दुसऱ्या आकड्याबद्दल पूर्ण सहमत. मग आपला वाद मोठं माणूस हवं की नको यावर नाहीच. ते कधी बोलणार एवढ्यावर आहे.

मृद्गंध
दोघांच्या मध्ये बसणारा एक पुरावा. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत आला. मुख्यतः सहावी ते नववीची मुलं शाळेनंतर केंद्रात येत. ४५ मिनिटं सॉफ्टवेअर, जे मुलाच्या खऱ्या पातळीवरून सुरू होतं, आणि ४५ मिनिटं १२ ते १५ जणांच्या गटात साहाय्यक शिक्षक. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (मुलामुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं माप) इतकी जास्तीची प्रगती. शिक्षणाच्या अभ्यासांत हा आकडा मोठा मानतात.

आता त्यातली दुसरी बाजू. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत लक्षणीय वाढ दिसली नाही. सातवीचं मूल चौथीच्या पातळीवरून पाचवीपर्यंत आलं तरी सातवीच्या प्रश्नपत्रिकेत ते उमटत नाही. मूल कुठून कुठे आलं हे दाखवणारी दुसरी नोंद शिक्षकाकडे नसेल, तर जून ते दिवाळी केलेली सगळी मेहनत निकालपत्रकावर शून्य दिसते. वर्गात सहा पातळ्या आहेत हे टॅब दाखवून देतो. पालकांना आणि केंद्रप्रमुखांना ते पटवायचं काम शिक्षकालाच करावं लागतं.

तारांगण
तुमची तात्त्विक चर्चा चालू द्या, मी तारा-बटणांकडे वळतो. शिक्षकाचा वेळ कुठे जातो हे बघायचं तर यंत्रणा आधी नीट हवी.

इंटरनेट येऊन-जाऊन असेल तर कोलिब्रीसारखी मोफत ऑफलाइन प्रणाली शाळेतच चालवा. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (४ जीबी), १२८ जीबी साठवण आणि एक वेगळा वाय-फाय राउटर पुरतो. पायचं अंगभूत वाय-फाय आठ-दहा टॅबवर व्हिडिओ चालू झाले की दम सोडतं, म्हणून राउटर वेगळा. व्हिडिओचा दर्जा ४८०पी च्या वर ठेवू नका.

बिघडतं कुठे:
वीज अचानक गेली की मेमरी कार्डावरची माहिती खराब होते. राउटर आणि पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा आणि पाय नेहमी नीट बंद करा.
पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसताना तारीख मागे राहते आणि अहवालात सोमवारचं काम भलत्याच दिवशी दिसतं. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ मॉड्यूल जोडलं की प्रश्न मिटतो.
८ टॅब ५ व्होल्ट २ अँपियरनं चार्ज करायचे म्हणजे एकूण ८० वॅट. लांब, बारीक, स्वस्त केबलवर दाब पडतो आणि टॅब रात्रभर लावूनही अर्धेच भरतात. केबल एक मीटरच्या आत ठेवा.
उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे कपाटात ठेवू नका. निम्म्या चार्जवर बंद करून ठेवा, बॅटरी फुगत नाही.

आणि महत्त्वाचं: यातलं रोजचं काम चार मुलांच्या तुकडीकडे द्या. टॅब वाटणं, क्रमांक टिपणं, चार्जिंगला लावणं. सहावी-सातवीची मुलं हे मोठ्यांपेक्षा शिस्तीनं करतात.

चिंचेचंझाड
आठ टॅबना दोन केबल असतील तर पहिला धडा भागाकाराचा ठेवा. :)

अक्षरवेल
@तारांगण यांनी अहवालाचा विषय काढला म्हणून. अशा प्रणालीत शिक्षकाला 'या मुलाला मदत हवी' असं दाखवणारा फलक असतो. त्याचा उपयोग होतो, पण दोन सापळे आहेत.

पहिला: चौघं एकाच नावानं आत शिरले तर फलक गटातल्या सर्वांत हुशार मुलाची प्रगती दाखवतो. म्हणून गटकाम आणि वैयक्तिक सराव वेगळे ठेवा. ३२ मुलं, ८ टॅब, म्हणजे चार फेऱ्या. प्रत्येकी १२ मिनिटं धरली तर ४८ मिनिटांत सगळ्यांचा स्वतःच्या नावानं सराव होतो. बाकीचे त्या वेळी वहीत किंवा शिक्षकासोबत.

दुसरा सापळा खोल आहे. बरोबर उत्तराच्या आत चुकीचं कारण लपतं. दशांश अपूर्णांक घ्या. '०.४ मोठा की ०.३५?' बरेचजण ०.३५ म्हणतात, कारण अंक जास्त. हे फलकावर लाल दिसतं, शिक्षक धावतो. पण काही मुलांची समजूत उलटी असते: दशांश भाग शतांशापेक्षा मोठा, म्हणून कमी अंकांची संख्या नेहमी मोठी. ते ०.४ म्हणतात आणि हिरवे होतात. त्यांना '०.३ मोठा की ०.७५?' विचारलं की ०.३ म्हणतील. दोन्ही प्रकारच्या जोड्या नसतील तर सॉफ्टवेअर त्या मुलाला पुढच्या घटकात ढकलतं आणि चूक घट्ट होते.

तसंच ८ + ४ = □ + ५ यात १२ लिहिणारं मूल बेरजेत चुकलेलं नाही. त्याच्या लेखी = म्हणजे 'आता उत्तर लिही'. त्याला बेरजेचे आणखी वीस प्रश्न देणं व्यर्थ आहे. तराजूचं चित्र काढून दोन्ही पारडी विचारायची. २/३ + १/४ = ३/७ लिहिणाऱ्याला 'तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? आणि २/३?' एवढंच विचारा. ३/७ अर्ध्याहून लहान, २/३ अर्ध्याहून मोठा. बेरीज करून संख्या कमी झाली हे त्याला स्वतःला दिसतं.

फलक चूक किती झाली ते मोजतो. का झाली हे वहीतल्या कच्च्या कामावरून आणि मुलाशी दोन वाक्यं बोलून कळतं. म्हणून टॅबशेजारी वही सक्तीची. पडद्यावर बोटानं पर्याय निवडायचा आणि वहीत कारण एका ओळीत लिहायचं. एका प्रश्नाला तीन सेकंदांच्या आत उत्तर दिलेलं दिसलं तर तो अंदाज समजावा.

सह्यकडा
अक्षरवेल, हा प्रतिसाद छापून शिक्षण परिषदेत वाटावा असा आहे.

सगळ्या वर्गाची समजूत एकदम बघायची तर प्लिकर्स या ॲपची कागदी कार्डं वापरा. प्रत्येक मुलाला क्रमांकाचं कार्ड. ते ज्या बाजूनं उभं धरलं तो पर्याय: अ, ब, क किंवा ड. शिक्षकाच्या एकाच फोननं वर्गावरून कॅमेरा फिरवला की कुणी काय निवडलं ते दिसतं. मुलांना एकमेकांचा पर्याय कळत नाही, त्यामुळे बघून हात वर करणं थांबतं. ४० कार्डांचा संच साध्या कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. धरताना बोट काळ्या भागावर आलं तरी तेच होतं.

उत्तरं दिसल्यावर काय करायचं हे हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्या पद्धतीत स्पष्ट आहे. ३० टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर तो भाग शिक्षकानं पुन्हा शिकवायचा. ३० ते ७० च्या मध्ये असतील तर काही न सांगता शेजाऱ्याला पटवून द्यायला लावायचं आणि परत मत घ्यायचं. ७० च्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. रानपाखरू आणि शून्यलब्धी यांच्या 'कधी बोलायचं' या वादाला हा बराच उपयोगी नियम आहे.

शून्यलब्धी
हा नियम मला मान्य. यात गप्प राहण्याचा आणि सरळ शिकवण्याचा निर्णय पुराव्यावर होतो. एक भर घालतो: भागाकाराची रीत, समीकरणात पद पलीकडे नेणं, असे भाग मुलांनी शोधून काढावेत यासाठी ७० मिनिटं घालवू नका. सोडवलेली दोन उदाहरणं दाखवा, तिसरं अर्धं सोडवलेलं द्या, चौथं पूर्ण त्यांचं. शोधाचा तास 'का' आणि 'किती' विचारणाऱ्या घटकांसाठी राखा.

माळरान
सगळी चर्चा एक वर्ग, एक शिक्षक धरून चालली आहे. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. तिथे मुलांनी आपापलं शिकणं हा हौसेचा विषय नाही, त्याशिवाय शाळा चालतच नाही. आणि त्याची रीत टॅबच्या आधीपासून आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शाळेनं अभ्यासक्रमाची शिडी केली. प्रत्येक पायरीला कार्ड, कार्डावर चित्रखूण, खुणेनुसार ट्रे. मूल शिडीवर आपली जागा बघतं, कार्ड उचलतं आणि खुणेनुसार ठरलेल्या गटात बसतं: शिक्षकाची पूर्ण मदत, थोडी मदत, सोबत्याची मदत, किंवा एकट्यानं. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ पासून हे घेतलं आणि पुढे ते तमिळनाडूभर गेलं. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांनी फरशीवर आखण्या करून हीच दिशा धरली.

इथे शिक्षक कुठे बसतो? 'पूर्ण मदत' या गटात, जमिनीवर, पाच-सहा मुलांसोबत. बाकीच्यांकडे त्यानं जायचंच नाही, तेवढी कार्डं नीट असली पाहिजेत. टॅब आणायचाच तर 'एकट्यानं' आणि 'सोबत्यासह' या गटांत आणा. शिक्षकाच्या गटात टॅब नको, तिथे मणी, काड्या, फळा.

अवांतर: कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल जिथे आहे तिथे शिक्षक गेला.

जुईची_आई
पालकांच्या बाजूनं विचारते. मूल घरी येऊन सांगतं, 'आज बाईंनी काहीच शिकवलं नाही, आम्हीच केलं.' शिष्यवृत्ती परीक्षाही असते, घरी काळजी वाटतेच. पालकांना यातलं काय दाखवता येईल?

पाटीपेन्सिल
@जुईची_आई, प्रश्न रास्त आहे. पालक सभेत तक्ते दाखवण्यापेक्षा तीन वस्तू दाखवाव्यात. मुलाची जूनमधली वही आणि आजची वही, एकाच प्रकारचं उदाहरण उघडून. मुलानं तीन मिनिटांत तोंडी समजावलेलं एक उत्तर, पालकांनी उलटा प्रश्न विचारायची मुभा ठेवून. आणि मृद्गंध यांनी म्हटलेली नोंद: मूल कुठल्या पातळीवर होतं, कुठे आलं, पुढचं काय. पालक सभेत एकदा पालकांनाच चौघांच्या गटात बसवून टँकरचा प्रश्न दिला तर बाई 'काहीच न शिकवता' काय करतात ते प्रत्यक्ष कळतं.

शिष्यवृत्तीचा सराव वेगळा ठेवावाच. वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवणं हे निराळं कौशल्य आहे, ते या तासांतून आपोआप येत नाही.

गोदाकाठ
मराठीतल्या मजकुराचा तुटवडा हा मोठा अडथळा आहे. मुलं मराठीत शोधतात आणि हाती काही लागत नाही, मग इंग्रजी पानाचं यांत्रिक भाषांतर वाचतात, ज्यात वाक्याला अर्थच नसतो.

अक्षरवेल
@गोदाकाठ, म्हणून शोध पूर्ण मोकळा न ठेवता शिक्षकानं पाच-सहा ठिकाणं आधी वाचून द्यावीत. मराठी विश्वकोश आंतरजालावर मोफत आहे, पण भाषा सातवीला जड जाते, सोबत आठ-दहा शब्दांचा अर्थ लिहून द्या. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनं खुले केले आहेत, भाषा मुलांची आहे. गोष्टी आणि माहितीपुस्तकांसाठी स्टोरीव्हीवर हे संकेतस्थळ. विज्ञानातल्या हलत्या प्रतिकृतींसाठी फेट (PhET) हे संकेतस्थळ, त्यातल्या कित्येक मराठीत आहेत. दीक्षा या सरकारी ॲपवरचे पाठ पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून आधीच उतरवून ठेवता येतात. पुस्तकातल्या कोडची कल्पना रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला.

टंकनासाठी बोलून लिहिण्याची सोय द्या. मात्र एका खोलीत आठ गट एकदम बोलले तर टॅब सगळ्यांचंच लिहितो. दोन गटांना व्हरांड्यात बसवा.

मृद्गंध
कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कुणी लिहिलं नाही. आता मुलं शोधत नाहीत, थेट विचारतात.

तुर्कस्तानात जवळपास हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणितात प्रयोग झाला. साधा चॅटजीपीटी हाताशी असताना सरावातले गुण ४८ टक्के वाढले. पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ही मुलं, ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाला वेगळी आवृत्ती दिली होती. तिच्यात उत्तर न देता इशारे द्यायचे, अशी सूचना होती आणि त्या उदाहरणात मुलं कुठे चुकतात हे शिक्षकांकडून घेऊन आत घातलं होतं. तिथे सरावातली वाढ १२७ टक्के होती आणि परीक्षेतलं नुकसान जवळपास नाहीसं झालं.

म्हणजे अक्षरवेल यांनी वर लिहिलेली चुकांची यादी ज्या शिक्षकाकडे आहे तोच या यंत्राला वळण लावू शकतो. वर्गात करण्याजोगं: यंत्राकडून एका प्रश्नाची तीन उत्तरं शिक्षकानं आधी काढून ठेवायची, त्यांतलं एक चुकीचं निवडायचं (अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांत आणि स्थानिक माहितीत ते सहज मिळतं), आणि गटांना चुकीचं कुठलं ते पुराव्यानिशी शोधायला लावायचं. पुस्तकातलं पान, स्वतः केलेला हिशेब किंवा मोजमाप, यांपैकी एक पुरावा हवाच.

खडूफळा (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. यावरून टँकरच्या तासासाठी टाचणातला 'शिक्षककृती' रकाना असा भरता येईल. बघून सुधारा:

आदल्या दिवशी: प्रश्न स्वतः सोडवणे, अडण्याच्या तीन जागा व त्यांचे उपप्रश्न लिहिणे, वाचनासाठी तीन पाने निवडणे, आठ शब्दांचे अर्थ.
० ते ५ मिनिटे: प्रश्न वाचणे, 'टँकर १०,००० लिटरचा' एवढेच देणे. गावाचे क्षेत्रफळ मुलांनी शोधायचे.
५ ते १५: मदत नाही. प्रत्येक गटाचे गृहीतक वहीत टिपणे.
१५ ते ४०: ज्या गटाचा हिशेब थांबला त्यालाच उपप्रश्न. उत्तर सांगायचे नाही. मिमी आणि हेक्टर दोन्हीत पाचहून जास्त गट अडले तर सर्वांना थांबवून ४ मिनिटे फळ्यावर सरळ शिकवणे.
४० ते ५५: दोन गटांची मांडणी, त्यातला एक चुकलेला.
५५ ते ७०: उत्तरांची तुलना, अपधाव (वाहून जाणारे पाणी) व पाझर (जमिनीत मुरणारे पाणी) या संज्ञा, कार्डांवर दोन प्रश्न.

शून्यलब्धी
'पाचहून जास्त गट अडले तर सरळ शिकवणे' ही ओळ असेल तर माझा आक्षेप मागे. एक सुधारणा: चुकलेल्या गटाला मांडणीला बोलवायचं तर आधी त्यांना विचारा, आणि 'यांनी कुठली वाट धरली ते बघू' असं म्हणून सुरुवात करा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी पुढे येत नाही.

रानपाखरू
आणि प्रश्न विचारल्यावर थांबायचं. मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबत होते. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. रकान्यात '३ सेकंद' लिहून ठेवा.

माळरान
गटात टॅब कुणाच्या हातात हेही लिहा. दर ८ मिनिटांनी हात बदलायचा: एक टॅब धरणारा, एक मोठ्यानं वाचणारा, एक वहीत लिहिणारा, एक 'हे कशावरून?' विचारणारा. बदलाची वेळ शिक्षकानं टाळी वाजवून सांगायची, मुलांवर सोपवलं तर टॅब सुटत नाही. शून्यलब्धी यांनी मुली मागे राहतात असं लिहिलं आहे, त्यावर लागू पडणारा उपाय हाच. पहिली फेरी मुलींच्या हातानं सुरू करावी.

सह्यकडा
@माळरान, ३५ मिनिटांत ८ ची चार पाळी म्हणजे ३२, उरलेली ३ मिनिटं गटानं मांडणी कोण करणार ते ठरवायला. जमतंय बरोबर.

खडूफळा (धागाकर्ता)
हे दोन्ही रकान्यात घेतो. सहावीच्या विज्ञानासाठी असाच एक प्रश्न बेततोय: 'शाळेतल्या एका ट्यूबलाइटऐवजी एलईडी लावली तर वर्षाचं वीजबिल किती कमी होईल?' अडण्याच्या जागा कुणी सुचवाल का?

पाटीपेन्सिल
तीन तर नक्की. वॅट आणि युनिट यांत गोंधळ होईल: १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं म्हणजे १ युनिट, हे मुलांनी मीटरवर बघावं. 'वर्ष' म्हणजे ३६५ दिवस धरतील, शाळेचे कामाचे दिवस धरणार नाहीत. आणि जुन्या ट्यूबचे ४० वॅट धरताना पट्टीतल्या चोकचे वॅट विसरतील. तिसरी जागा सांगू नका, कुठला तरी गट जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून स्वतः काढेल.